घमेलंभर ओट्स

कुठलाही माल आपल्या हाताखाली आला की सुधारतो, असं मिस्त्रींचं स्वतःबद्दल मत होतं, आणि गेल्या तीस वर्षांत ते त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. वाळूत माती आली तर ते तिला धुऊनपुसून कामाला लावत. विटा वेड्यावाकड्या आल्या तर त्यांच्यातूनच सरळ भिंत काढून दाखवत. हे फक्त गवंडीकामापुरतं असतं तर ठीक होतं. पण शेजाऱ्यांचा चहा, मेहुण्याचा संसार, डॉक्टरांचं निदान, या सगळ्यात नेमकं काय कमी पडलंय तेही त्यांना पाहताक्षणी कळायचं आणि कळलेलं पोटात राहायचं नाही. पोटात बाकी सगळं राहायचं. म्हणूनच तर पुढचा घोटाळा झाला.

झालं असं, की मिस्त्री त्या वेळी एका दुमजली घराचं काम करत होते. घराची मालकीण एक निवृत्त बाई. आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केलेली. तिच्या घराच्या दर्शनी बाजूला, वरच्या मजल्यावर, जिन्याला उजेड देणारी एक मोठी खिडकी होती. नकाशात त्या खिडकीवर काँक्रीटचा सरळ बीम होता. मिस्त्रींनी तो पाहिला आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. त्यांनी आठ दिवस बाईंच्या मागे लागून बीमच्या जागी विटांची कमान मंजूर करून घेतली. विटांची कमान बांधणारे हात आता राहिलेत कुठे? मिस्त्रींचेच दोन होते, आणि तेही गेली सहा वर्षं नुसत्या सरळ भिंती रचून कंटाळले होते.

पण त्या खिडकीच्या बरोबर खाली झाडं ठेवायची काचेची खोली आधीच बांधून झाली होती. त्यामुळे जमिनीवरून परांची उभी करता येईना. मग इंजिनीअरबाईंनी तोडगा काढला, की गच्चीवरून दोरांनी एक फळी लटकवायची आणि तिच्यावर उभं राहून कमान बांधायची.

या इंजिनीअरबाई म्हणजे तिशीतली, काडीसारखी किडकिडीत मुलगी. बोलायची कमी आणि कॅल्क्युलेटर जास्त दाबायची. तिने हिशेब केला, दोनदा तपासला आणि मिस्त्रींना बोलावलं.

"विटा कप्पीने येतील, त्यांचं वेगळं. फळीवर माणसं दोन. तुम्ही आणि हाताखाली एक. दोघांचं मिळून वजन एकशे साठ किलो. त्याच्या वर अर्धा किलोही नाही."

"एकशे साठ म्हणजे पुष्कळ झालं मॅडम."

"तुमचं किती आहे?"

"आमचं वजन सगळ्या लायनीला माहीत आहे," मिस्त्री मिशीवर हात फिरवत म्हणाले.

इंजिनीअरबाईंना विनोद कळत असावेत, पण कामाच्या वेळात त्या ते मनावर घेत नसत. त्यांनी मिस्त्रींना सिमेंटच्या गोण्या मोजायच्या काट्यावर उभं केलं. शहाण्णव किलो. मग हाताखाली घ्यायला सगळ्यांत हलका माणूस शोधला, तो निघाला पुट्टीवाला चकाचक. भिंत घोटून झाली की दोन पावलं मागे सरकून "चकाचक!" म्हणायची त्याला सवय होती. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच काय ते ठाऊक असेल. चकाचक भरला अडुसष्ट. बाकीचे दहा गडी सत्तरच्या पुढेच.

"एकशे चौसष्ट," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "चार किलो जास्त. एकवीस दिवसांनी शनिवारी पुन्हा वजन करू. एकशे साठात बसलात तर कमान. नाहीतर सरळ बीम, तो क्रेनने बसवता येतो."

मिस्त्री तिथेच काट्यापाशी उभे राहिले. आयुष्यात शेवटची ठरू शकेल अशी कमान चार किलोंसाठी हातची जाणार होती, आणि ते चारही किलो पट्ट्याच्या वर बाहेर डोकावत होते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, "सकाळी एक वाटी ओट्स. पोट भरतं, रक्तातली चरबीही कमी होते. फार काही घालू नका त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मिस्त्रींच्या पुढ्यात बशी ठेवली. त्यात करड्या रंगाचा एक गोळा होता. मिस्त्रींनी बशी तिरकी केली. गोळा जागचा हलला नाही. त्यांनी ती पार उभी केली, तरी तो टिकून राहिला.

"अगं, हे खायचं की लावायचं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. गुपचूप खा."

"पकड मस्त आहे. पण याला चव म्हणून काही?"

"अहो, औषधाला कुणी चव विचारतं का?"

मिस्त्रींनी एक घास घेतला. बराच वेळ तो तोंडात इकडून तिकडे फिरवला. मग पाण्याचा घोट घेऊन त्याला खाली ढकललं आणि चमचा बशीत उभा रोवून जाहीर केलं, की दोष ओट्सचा नाही, कालवणाऱ्याचा आहे. बायकोने चमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कमरेचं फडकं काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हीच कालवा."

लग्नानंतर मिस्त्री स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कामाला म्हणून शिरले. त्यांनी तिथेही तोच रिवाज ठेवला जो साइटवर होता: आधी नमुने. ओट्यावर ओळीने नऊ वाट्या मांडल्या. प्रत्येकीखाली कागदाचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने काय घातलं त्याचं प्रमाण. तासाभरात त्यांनी ओट्सचे तीन मोठे दोष शोधून काढले.

पहिला दोष कच्चेपणाचा. त्यावर उपाय म्हणून ओट्स शिजवण्याआधी कोरडेच मंद आचेवर भाजले. खमंग वास सुटला तेव्हा बायको नकळत दारात येऊन उभी राहिली. दुसरा दोष मिठाचा. गोड करायचं असलं तरी चिमूटभर मीठ आधी पडायलाच हवं, नाहीतर मधसुद्धा फिका लागतो. तिसरा दोष सगळ्यांत मोठा, आणि तो गवंड्यालाच दिसणार.

"सगळं एकसारखं मऊ आहे, तिथेच चुकतंय," मिस्त्री पळी हलवत म्हणाले. "नुसत्या वाळूने स्लॅब होतो का? खडी लागते. दाताखाली काहीतरी आलं पाहिजे."

मग त्यांनी बदाम जाडसर फोडले, तीळ आणि शेंगदाणे भाजले, खजुराचे बारीक तुकडे केले. सफरचंद किसून आत घातलं, थोडं वरून चिरून घातलं. केळं कुस्करून दुधात मिसळलं तर साखरेची गरजच उरली नाही. दालचिनीची चिमूट पडली तेव्हा तर शेजारीण विचारायला आली, की आज काय विशेष. आणि खडी घालायची ती शेवटी, ताटात वाढल्यावर. आधी घातली तर तीही भिजून मऊ पडते, हा शोध त्यांना चौथ्या वाटीत लागला आणि तो त्यांनी बायकोला तीनदा ऐकवला.

बायकोने सातव्या वाटीतला एक चमचा तोंडात टाकला. वाटी घेऊन खिडकीपाशी गेली आणि परत आली तेव्हा ती रिकामी होती. मिस्त्रींच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि एवढी मोठी पावती त्यांना आजवर मिळाली नव्हती.

"पण डॉक्टर म्हणाले होते, फार काही घालू नका," ती ओठ पुसत म्हणाली.

"फार कुठे घातलंय?" मिस्त्री म्हणाले.

डबा घेऊन ते साइटवर गेले, आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

न्याहारीच्या सुट्टीत त्यांनी झाकण उघडलं मात्र, विटांच्या ढिगामागून एक डोकं वर आलं. मग दुसरं. चकाचक तर थापी हातात घेऊनच आला. त्याच्या नाकाने वीस वर्षं पुट्टीची धूळ खाऊन केव्हाच संप पुकारला होता, पण बाकीचे कुठे वळतायत हे त्याला दिसत होतं.

"मिस्त्री, डॉक्टरांचा पथ्याचा डबा ना हा?"

"पथ्याचाच. घे, चमचाभर बघ."

चकाचकने चमचाभर घेतलं. डोळे मिटले. "मिस्त्री, असं पथ्य असेल तर मला कुठलाही रोग चालेल."

शहाण्या माणसाने इथे झाकण लावलं असतं. पण मिस्त्रींच्या हातच्या मालाचं कुणी कौतुक केलं, की त्यांना झाकण सापडायचंच नाही. त्यांनी भाजण्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, खडी शेवटी का ते सांगितलं, आणि सांगताना प्रत्येकाला एकेक चमचा नमुना दिला. सांगून झालं तेव्हा डब्याच्या तळाला दोन चमचे ओट्स आणि बदामाचा एक तुकडा शिल्लक होता. तो त्यांनी मन लावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट आणलं. ते तिप्पट वेगाने संपलं. तिसऱ्या दिवशी गडी घरून वाट्याच घेऊन आले. मिस्त्री आता पहाटे उठून भाजत, किसत, कुस्करत होते. अकरा माणसांना वाढून स्वतःच्या वाट्याला दोन चमचे उरले तर उरले. एकदा तर त्यांनी पळीच चाटली. भूक लागायची, पण चकाचक "आजचं कालच्यापेक्षा भारी" म्हणाला की तिचा विसर पडायचा. शिवाय दर दोन दिवसांनी ते गुपचूप काट्यावर उभे राहत आणि काटा खाली खाली येत होता. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. साडेत्र्याण्णव.

"गुण आहे हो ओट्समध्ये," ते रात्री बायकोला म्हणाले. "भरपूर खावेत आणि वजन उतरावं, असं दुसरं काही नाही."

"तुम्ही खाता ना नक्की?"

"म्हणजे काय. रोज एवढाले डबे जातात, दिसत नाही का?"

इंजिनीअरबाई मात्र या पंगतीला एकदाही बसल्या नाहीत. मिस्त्रींनी वाटी पुढे केली की त्या मान हलवायच्या. "कामावर मी खात नाही." मिस्त्रींना वाईट वाटायचं. ही मुलगी जराशी खाती तर तिच्या हिशेबातही थोडा ओलावा आला असता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

अठराव्या दिवशी घरातली भांडी संपली. खरं म्हणजे बायकोने ती संपवली. "दोन झाकणं, एक पातेलं आणि माझी चांगली पळी तुमच्या साइटवर राबतायत," ती म्हणाली. "आता चमचासुद्धा मिळणार नाही."

मिस्त्रींनी बाजारातून एक कोरं घमेलं आणलं. दोनदा घासून, उकळत्या पाण्याने धुऊन घेतलं. त्या दिवशी त्यांच्या मनात नवीन प्रयोग होता. ओट्स भाजून दळायचे, केळ्याच्या दुधात घट्ट शिजवायचे, आणि त्यात खजूर, तीळ, बदाम नि दालचिनी अगदी बारीक करून मिसळायची. वरची जाड खडी वेगळ्या पिशवीत. घमेलं साइटवर नेऊन त्यांनी पुढच्या दिवाणखान्यात, जिन्याखालच्या सावलीत ठेवलं. आणि मग सवयीने, अगदी हात आपोआप चालावा तसं, स्वच्छ गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून त्यावर पसरलं. कालवलेला माल उघडा टाकून मिस्त्री कधी कुठे गेले नव्हते. मग ते वाट्या विसळायला मागच्या नळावर गेले आणि पाण्याची धार बारीक असल्याने बराच वेळ तिथेच अडकले.

आता त्याच सकाळी इंजिनीअरबाईंनी चकाचकला एक काम सांगून ठेवलं होतं. "दिवाणखान्यातल्या दाराजवळच्या भिंतीवर दाणेदार नक्षीचा नमुना करायचा आहे. नवा तयार माल येईल. बदामी रंगाचा असतो, त्यात बारीक कण असतात. लगेच वाळतो, म्हणून ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मालकीणबाई दहाला बघायला येतायत."

चकाचक दिवाणखान्यात आला. जिन्याखाली ओलं गोणपाट. गोणपाटाखाली घमेलं. घमेल्यात बदामी रंगाचा, बारीक कणांचा माल. वास त्याला येत नव्हता आणि ओट्स त्याने आजवर डब्यात, वरून सफरचंद पेरलेलेच पाहिले होते. बाकी काय पाहायचं राहिलं? त्याने पुट्टी ओढायचा पत्रा उचलला आणि कामाला लागला.

मिस्त्री अकरा वाट्या घेऊन परतले, तर घमेलं रिकामं. तेही कसं, निपटून काढलेलं. त्यांना वाटलं, गड्यांना दम निघाला नाही. राग यायच्या ऐवजी त्यांचा ऊर भरून आला.

"एवढ्यात संपलंसुद्धा?" त्यांनी चकाचकला विचारलं. तो हात धूत होता.

"संपणारच. हात थांबेना माझा."

"एकट्याने?"

"एकट्यानेच. बाई यायच्या आत उरकायचं होतं ना. आणखी घमेलंभर असतं तर पलीकडची बाजूपण घेतली असती."

मिस्त्री त्याच्या पोटाकडे आदराने पाहू लागले. एवढ्यात दारात गाडी थांबली आणि मालकीणबाई आत आल्या, मागून इंजिनीअरबाई आणि पुढून बाईंचा बुटका, झुबकेदार कुत्रा. बाईंनी भिंत पाहिली आणि त्या थांबल्याच.

"अहो, किती सुंदर! रंगात ऊब आहे. हाताला लागतंही छान."

"बदामी, कण बारीक," इंजिनीअरबाई कागद पाहत म्हणाल्या. "बरोबर आहे. वास मात्र कागदात लिहिलेला नाही."

चकाचक दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला ते सांगायला नको.

मिस्त्री भिंतीजवळ गेले. नजर बारीक केली. कमरेच्या उंचीवर, अगदी पत्र्याच्या रेषेत, खजुराचा तुकडा बसला होता. त्याच्या शेजारी तीळ. त्याच्या खाली कुत्रा उभा होता आणि तन्मयतेने भिंत चाटत होता. मघाशी ज्याच्या पोटाकडे त्यांनी आदराने पाहिलं होतं, त्याने त्यांची पहाटेपासूनची मेहनत साडेतीन हात रुंद भिंतीला वाढली होती.

बोलावं का? शनिवार तीन दिवसांवर होता. इंजिनीअरबाईंचा नियम सगळ्यांना पाठ होता: मालाशी खेळ करणारा साइटवर राहणार नाही. साइटवर राहिले नाहीत तर कमान कोण बांधणार? मिस्त्रींनी तोंड मिटलं. इतकं घट्ट त्यांनी ते पूर्वी कधी मिटलं नव्हतं.

"हा कधी भिंती चाटत नाही," बाई कुत्र्याला ओढत म्हणाल्या. मग त्या भिंतीशी जराशा घुटमळल्या, रुमालाला बोट पुसलं आणि म्हणाल्या, "पूर्ण दिवाणखाना असाच करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर मुंग्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, खिडकीतून एक रांग येणारी, एक जाणारी, आणि रहदारी अगदी शिस्तीत. वरच्या कोपऱ्यात दोन चिमण्या टोचत बसल्या होत्या. इंजिनीअरबाईंनी फोटो काढले आणि नक्षीचा माल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "तुमच्या मालाला मुंग्या लागतात," त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्या पलीकडचं ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ते म्हणतात, त्यांचा माल अजून निघालेलाच नाही. उद्या येईल." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चकाचककडे वळल्या. "मग भिंतीवर काय आहे?"

चकाचकची थापी हातातून पडली. "मला काय माहीत मॅडम? तुम्ही सांगितलं तसंच होतं सगळं."

"न बघता, न विचारता काहीतरी उचलून भिंतीला लावलंत? सामान आवरा. उद्यापासून येऊ नका."

मालकीणबाई तेवढ्यात आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चकाचकने खाली वाकून थापी उचलली, पुसली आणि पिशवीत ठेवू लागला. त्याने बिचाऱ्याने मान वर करून मिस्त्रींकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला संशयच नव्हता. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे कमान उभी राहिली, तिच्या एकेका विटेसकट, आणि मग ती दिसेनाशी झाली. एवढ्या साध्या माणसाला आपल्या न्याहारीपायी घालवायचं म्हणजे फार झालं.

"मॅडम, त्याची चूक नाही. ते माझे ओट्स आहेत."

मग मिस्त्रींनीच पुढे सगळं सांगितलं. भाजण्यापासून सुरुवात केली. मिठाचं सांगितलं, केळ्याचं सांगितलं, गोणपाट का घातलं ते सांगितलं. कबुली देतानाही कृती सुटली नाही. इंजिनीअरबाई ऐकत होत्या आणि त्यांची बोटं सवयीने खिशातला कॅल्क्युलेटर शोधत होती, पण याचा हिशेब कसा मांडायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

"दालचिनी जरा जास्त झाली होती," मालकीणबाई दारातून म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"काल चाखली मी. बोटाने. तीस वर्षं मुलींची मेस सांभाळली आहे, भिंतीला ओट्स लावलेले मला कळत नाहीत होय? मला फक्त बघायचं होतं, किती दिवस गप्प बसताय." त्या मिस्त्रींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "एक दिवस. वसतिगृहातल्या मुली आठवडा लावायच्या."

मिस्त्रींनी मान खाली घातली. बाईंनी निकाल दिला. भिंत मिस्त्रींनी स्वतः खरवडायची, साबणाने धुवायची. चकाचक कामावर राहील. "आणि कमानीचं माझ्या हातात नाही," त्या इंजिनीअरबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ते काट्याला विचारा."

भिंत खरवडायला दीड दिवस लागला. मिस्त्रींना एक गोष्ट कबूल करावी लागली, पकड खरोखर मस्त होती. घामाच्या धारा लागल्या आणि त्या दीड दिवसात त्यांनी ओट्सचं नावही काढलं नाही.

शनिवारी सकाळी काटा अंगणात मांडला गेला. अकराही गडी गोल करून उभे राहिले. मिस्त्रींनी चपला काढल्या, पट्टा काढला, खिशातली पेन्सिलसुद्धा बायकोच्या हातात दिली. ती मुद्दाम बघायला आली होती. ते काट्यावर चढले आणि त्यांनी डोळे मिटले.

"एक्क्याण्णव," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "पाच किलो उतरलंत. शाब्बास मिस्त्री."

गड्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदाच कमी झाल्याचा अभिमान वाटला. "ओट्स," ते बायकोकडे बघत म्हणाले. "दुसरं काही नाही."

"आता हाताखालचा माणूस," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "नियम म्हणून."

चकाचक हसत हसत काट्यावर चढला. काटा अडुसष्टवर थांबला नाही. सत्तरवरही थांबला नाही. इंजिनीअरबाईंनी खाली वाकून पाहिलं, काटा शून्यावर आणून पुन्हा पाहिलं.

"त्र्याहत्तर." त्यांनी बेरीज केली. तिची गरज नव्हती, पण त्यांनी केली. "एक्क्याण्णव आणि त्र्याहत्तर. एकशे चौसष्ट."

आकडा तोच होता. तीन आठवड्यांत मिस्त्रींचे पाच किलो जागचे हलून चकाचकच्या अंगावर जाऊन बसले होते. मग एकेक गडी काट्यावर चढला. सगळे आधीच जड होते, आता आणखी जड झाले होते. दाढीवाला सुतार तर साडेसहा किलोंनी वाढला होता आणि हे आताच कळल्यासारखा पोटाकडे पाहत होता.

मिस्त्रींची बायको हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही रोज किती खायचात हो?"

"दोन चमचे," मिस्त्री म्हणाले. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "कधी कधी पळी."

आता क्रेनवाल्याला फोन करायचा एवढंच बाकी होतं. मिस्त्री पट्टा बांधायला लागले आणि बोटं एका भोकाने पुढे गेली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. इंजिनीअरबाई गच्चीवरून लटकणाऱ्या फळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट घट्ट केलं, कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला आणि काट्यावर चढल्या. बावन्न.

"चला," त्या म्हणाल्या. "विटा कशा द्यायच्या ते दाखवा."

कमान एका दमात बांधायची असते. सुरू केली की मधली वीट बसेपर्यंत मिस्त्री खाली उतरत नसत, तहान लागो की भूक. आणि भूक तर लागली होतीच, कारण काट्याच्या भीतीने त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा मोजून प्यायलं होतं. बायकोने खास त्यांच्यासाठी डबा भरून आणला होता. भाजलेले ओट्स, सफरचंद, मध आणि वेगळ्या पुडीत मूठभर बदाम. "आज कुणाला द्यायचं नाही," तिने बजावलं होतं. मिस्त्रींनी वर जाताना तो सगळ्यांत विश्वासू माणसाच्या हातात दिला, चकाचकच्या.

फळीवर वारा होता. खिडकीत कमानीखालचा लाकडी साचा आधीच बसवलेला होता. इंजिनीअरबाई एकेक वीट भिजवून पुढे करत होत्या आणि प्रत्येकीचा नंबर मोठ्याने म्हणत होत्या. अकराव्या विटेला त्यांनी विचारलं, "साचा काढल्यावर ही पडत का नाही?" मिस्त्रींनी सांगितलं, की कमानीतली प्रत्येक वीट पडायलाच निघालेली असते, पण शेजारची तिला जाऊ देत नाही. त्यानंतर विटा जरा हळुवारपणे येऊ लागल्या. मिस्त्रींचा हात सहा वर्षांनी मोकळा झाला होता. दोन्ही बाजूंनी विटा वर चढत आल्या, वळल्या, एकमेकींकडे झुकल्या, आणि मध्ये एकाच विटेपुरती जागा उरली. इंजिनीअरबाईंनी ती वीट दोन्ही हातांनी दिली. मिस्त्रींनी ती बसवली, थापीच्या मुठीने तीनदा ठोकली, साचा सैल केला आणि हात काढून घेतला.

कमान जागेवर राहिली. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. खालून टाळ्यांचा आवाज आला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. अकरा तोंडं कौतुकाने वर वळलेली होती, आणि अकराही चावत होती.